प्रवाशाच्या विनंतीवरून

चार नंबरच्या काउंटरवरच्या बाईंना विमानतळावर नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. एकोणीस वर्षांत त्यांची खुर्ची तीनदा बदलली, गणवेशाचा रंग दोनदा बदलला, काउंटर मात्र तोच राहिला. सामान ढकलणाऱ्यांपासून ड्यूटी मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना 'चार नंबर' म्हणत. 'चार नंबर आज रजेवर आहे' असं कुणी म्हटलं की नव्या माणसाला वाटे, काउंटरच बंद आहे.

ज्यांचं विमान वेळेवर सुटतं त्यांना हा काउंटर दिसतही नाही. ते पाण्याची बाटली घेऊन सरळ पुढे जातात. इथे येतात ते विमान रद्द झालेले, चुकलेले, चार-चार तास लटकलेले लोक. चेहरा पडलेला, आवाज चढलेला. बाई पहाटेची पाळी असली की साडेपाचला येत, चष्मा पुसत आणि बसण्यापूर्वी खुर्ची एक खटका वर घेत. "आपण मान वर करून बोललो की पुढच्याला वाटतं, ही बाई विनवण्या करतेय," त्या सांगत, "आणि मान खाली घालून बोललो की वाटतं, फसवतेय. डोळ्याला डोळा पाहिजे."

आणि माणूस काही बोलायच्या आत त्या एकच प्रश्न विचारत, "तुम्हाला कधी पोहोचायचंय?"

कंपनीनं शिकवलेला क्रम वेगळा होता. आधी दिलगिरी. मग पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन. त्यावर माणूस हलला नाही तर पैसे परत. तरीही उभाच राहिला तर दुसरं विमान. प्रत्येक पायरीवर थोडी थोडी माणसं गळत जातात आणि शेवटच्या पायरीपर्यंत पाचदहाच उरतात, असा त्यामागचा हिशेब. बाईंनी सुरुवातीला इमानेइतबारे तो क्रम पाळला होता. पहिल्याच वर्षी एक चष्मेवाला आला. चष्म्याच्या काचा घासण्याचं त्याचं दुकान होतं आणि बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती. बाईंनी विचारलं, "पैसे परत हवेत का आपल्याला?" तो "हो" म्हणाला. गणवेशातल्या माणसानं काही विचारलं की साधी माणसं आधी हो म्हणतात, मग विचार करतात. बाईंनी कळ दाबली, पावती दिली. चष्मेवाल्यानं ती घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "मग मी आता कुठल्या विमानात बसू?"

कुठल्याच नाही. पैसे परत घेतले की तिकीट मेलं. त्या माणसाला पोहोचवण्याचं कंपनीचं बंधन तिथेच संपतं. त्याचा भाऊ दुसऱ्या गावी दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता आणि नवं तिकीट तिप्पट दराचं होतं. चष्मेवाला समोरच्या बाकावर दिवसभर बसून राहिला. भांडला नाही, ओरडला नाही. संध्याकाळी जाताना काउंटरशी येऊन "आभारी आहे बरं का" म्हणाला. त्या आभारांनी बाईंच्या घशाखाली आठ दिवस घास उतरला नाही.

तेव्हापासून प्रश्न आधी, बाकी सगळं नंतर. प्रवाशांच्या हक्कांचा सरकारी कागद विमानतळावर होता, पण तो खांबावर, कुंडीतल्या झाडाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत. बाईंनी त्याची मोठी झेरॉक्स काढली आणि काउंटरच्या काचेखाली प्रवाशाच्या बाजूला तोंड करून सरकवली. विमान कंपनीनं रद्द केलं तर निवड प्रवाशाची: एक तर पैसे परत, नाहीतर त्याच ठिकाणी लवकरात लवकर पोहोचवणारा दुसरा प्रवास, गरज पडली तर दुसऱ्या कंपनीच्या विमानानं. ताटकळावं लागलं तर खाणंपिणं, मुक्काम पडला तर राहण्याची सोय. ड्यूटी मॅनेजरांनी तो कागद पाहिला, दोनदा वाचला आणि तो तसाच ठेवून निघून गेले. या मॅनेजरांच्या शर्टाला चोवीस तासांत कधीही सुरकुती पडत नसे, म्हणून त्यांना पाठीमागे सगळे 'इस्त्रीसाहेब' म्हणत. खरं बोलायला ते मनाई करू शकत नव्हते. फक्त खरं फार मोठ्यानं बोललं जाऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

घरी मात्र या एकोणीस वर्षांच्या शहाणपणाला कुत्रं विचारत नव्हतं. नवरा पाणीपुरवठा खात्यात. बाई जेवताना काउंटरवरचं काही सांगू लागल्या की तो "हं, हं" करत फोन बघे. फोनवर आलेला कुठलाही मेसेज एका मिनिटात निकालात काढायचा, याचा त्याला कोण अभिमान. आणि नणंद, म्हणजे वन्सं, त्या तर वेगळंच प्रकरण. नवऱ्याची थोरली बहीण, मोठ्या दवाखान्यात तीस वर्षं मेट्रन. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्या खोलीत शिरल्या की बसलेली माणसं उठून उभी राहत. एकदा सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं होतं, "तुझं काम म्हणजे नक्की काय गं? लोकांना 'नाही' म्हणायचं, एवढंच ना? ते तर आमच्या वॉर्डातला दरवानही करायचा."

बाई हसल्या होत्या. हसणं त्यांच्या नोकरीचाच भाग होता.

त्या दिवशी पहाटे वन्सं विमानतळावर आल्या त्या मुलीला भेटायला निघाल्या म्हणून. एवढ्या एका वाक्यामागे चार वर्षं होती. मुलीनं परिचारिका व्हावं, पुढे मेट्रन व्हावं, हे वन्संनी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलेलं. मुलगी जहाजाच्या इंजिनांचं शिक्षण घेऊन बसली. "तेलात हात घालायला वाढवलं नाही तुला," वन्सं म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "मग वाढवलं नाहीस असं समज." त्यानंतर दोघींमध्ये अक्षर नाही. वन्सं माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि मुलगी त्यांचीच होती.

गेल्या आठवड्यात मुलीनं मामाला फोन करून आईला फोनवर बोलावून घेतलं. "मी तीन वर्षांसाठी चाललेय. लांबच्या जहाजावर. शनिवारी सकाळी सहाला चढायचंय. त्याआधी यायचं असेल तर ये." एवढंच. वन्संनी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी भावाला तिकीट काढायला सांगितलं. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, म्हणून भावानं स्वतःचाच नंबर घातला. "मेसेज मला येतील, ताई. तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. मी आहे ना."

शुक्रवारी सकाळी सात चाळीसचं विमान सहा पन्नासला रद्द झालं. यंत्रात बिघाड.

दोनशे माणसं एकदम वळली. चार आणि पाच नंबरसमोर रांगा लागल्या. बाईंच्या रांगेत सातव्या जागी वन्सं उभ्या होत्या. ताठ, हातात एकच पिशवी, लग्नाला निघाल्यासारखी कडक साडी. बाईंनी नुसती मान हलवली. काळजीचं कारण नव्हतं. कंपनीचं पुढचं विमान उद्या दुपारचं, ते कामाचं नाही. पण दुसऱ्या कंपनीचं दोन वीसचं होतं, मधे एक थांबा घेऊन संध्याकाळी साडेसातला उतरणारं. त्यात जागा दिसत होत्या.

तेवढ्यात ड्रॉवरमधला फोन तिसऱ्यांदा थरथरला. नवरा. बाईंनी समोरच्या प्रवाशाला "एक मिनिट हं" म्हणून फोन कानाला लावला.

"ऐकलंस का? ताईचं विमान रद्द झालं!"

"अहो, दोनशे माणसं उभी आहेत माझ्यापुढे. मला नाही कळणार?"

"पण तू काळजी नको करू. मी काम करून टाकलं."

"कसलं काम?"

"मेसेज आला ना. मोठं हिरवं बटण होतं, 'पैसे परत घ्या.' दाबलं. मिनिटभरसुद्धा लावला नाही. सगळे पैसे येणार! तूच म्हणतेस ना, कंपन्या टोपी घालतात म्हणून?"

बाईंनी डोळे मिटले. "त्याखाली बारीक अक्षरात काही होतं का?"

"होतं काहीतरी करड्या रंगात. 'इतर पर्याय' का काय. म्हटलं, कशाला नसत्या भानगडीत पडा."

"अहो, मी एकोणीस वर्षं जेवताना तुम्हाला काय सांगतेय?"

"काय सांगतेस?" नवऱ्यानं अगदी निरागसपणे विचारलं.

 बाईंनी फोन ठेवला आणि वन्संचं तिकीट पडद्यावर उघडलं. बघायची मुभा होती. हात लावायची नव्हती, कारण नातेवाइकांच्या तिकिटाला हात लावला की नोकरी गेली. सहा नंबरवाल्याची अशीच गेली होती, मेहुण्याला खिडकीची जागा दिली म्हणून. पडद्यावर तारीख, वेळ आणि एक ओळ होती: 'प्रवाशाच्या विनंतीवरून रद्द. परतावा सुरू.'

ही ओळ त्यांनी हजारदा पाहिली असेल. आज पहिल्यांदाच ती खोटी आहे असं त्यांच्या डोक्यात आलं. कुठल्या प्रवाशाच्या? प्रवासी तर रांगेत सातवा होता.

फोन पुन्हा थरथरला. या वेळी भाची, वन्संची मुलगी.

"मामी, मामानं मला तिकिटाचा नंबर पाठवला होता. मी आत्ता बघितलं." आवाज एकदम सपाट होता. "'प्रवाशाच्या विनंतीवरून रद्द' असं आलंय. आईनं रद्द केलं ना?"

"नाही गं. विमान कंपनीनं रद्द केलंय. बिघाड झालाय."

"मग विनंती कुणी केली?"

"ते एक सांगण्यासारखं प्रकरण आहे. तुझ्या मामानं—"

"मामी, तू नको सावरून घेऊस. नसेल यायचं तर नाही म्हणायचं. मी काही जबरदस्ती केली नव्हती." आणि फोन बंद.

बाईंनी समोरच्या प्रवाशाचं काम उरकलं, 'पाच मिनिटांत परत' अशी पाटी ठेवली आणि वन्संना रांगेतून बाहेर काढून पाण्याच्या कूलरपाशी नेलं. वन्संनी सगळं ऐकून घेतलं. भावाचं नाव आलं तेव्हा म्हणाल्या, "लहानपणी पण असाच होता. परीक्षेत पेपर पहिला देऊन बाहेर. आणि नापास." मग पिशवी उचलली. "जाऊ दे. तिला पत्र टाकते. जहाजावर पत्रं जात असतीलच."

"वन्सं, थांबा. बारापर्यंत परतावा बँकेत जात नाही. तोवर तो मागे घेता येतो. मॅनेजरांच्या अधिकारात आहे."

"मग घे मागे."

"मी नाही घेऊ शकत. तुम्ही माझ्या नणंद आहात. तुम्हाला पाच नंबरवर जाऊन स्वतः मागायला लागेल."

"मी मागू?" वन्संच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे दोनशे परक्यांसाठी तुझं तोंड चालतं, आणि घरच्या माणसाला सांगतेस, जा, हात पसर?"

"हो, तसंच आहे ते. आणि हात पसरणं नाही हे. तुमचं आहे ते मागायचंय."

"मी तीस वर्षांत कुणाकडे काही मागितलं नाही. लोक माझ्याकडे मागायचे."

"माहीत आहे." बाईंनी कागदी पेल्यात पाणी भरून त्यांच्या हातात दिलं. जे सांगायचं नाही असं ठरवलं होतं ते त्यांनी सांगून टाकलं. "आत्ता तिचा फोन आला होता. तिच्या पडद्यावर दिसतंय, प्रवाशाच्या विनंतीवरून रद्द. तिला वाटतंय, तुम्हीच रद्द केलंत."

वन्सं पाणी प्यायल्या नाहीत. पेला तसाच हातात राहिला. त्यांनी विचारलं, "मी विनंती केली? मी?"

"कागद तसं म्हणतो."

"आयुष्यात एक विनंती माझ्या नावावर लागली, आणि ती ही."

त्यांनी भरलेला पेला कूलरवर ठेवला.  

"काय बोलायचं ते सांग," वन्सं म्हणाल्या. आवाज मेट्रनचाच होता, पण जरा खाली.

"तीन गोष्टी. विमान कंपनीनं रद्द केलंय, मी नाही. मला पैसे नकोत, आज पोहोचायचंय, दुसऱ्या कंपनीच्या विमानानं चालेल. आणि पैसे परत घेणं ही माझी निवड नव्हती, मला कुणी विचारलंच नाही. बस्स. 'माझं मन बदललं' असं चुकूनही म्हणायचं नाही. ते म्हटलंत की दार बंद."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर म्हणा, नाही ते लेखी द्या." बाई जरा थांबल्या. "आणि वन्सं, हुकूम नका सोडू."

पाच नंबरवरचे गृहस्थ टकले, गोल, सदा हसतमुख. सव्वीस वर्षांच्या नोकरीत क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता. चार नंबरशी त्यांचं चांगलं होतं, पण नियमाशी त्याहून चांगलं. वन्संची पाळी आली तेव्हा बाई पलीकडे एका कुटुंबाला उद्याच्या विमानात बसवत होत्या. त्यांचं तोंड त्या कुटुंबाकडे होतं, कान मात्र पाच नंबरकडे.

"नमस्कार आजी! झाल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. पुढच्या प्रवासासाठी एक छान कूपन—"

"मला कूपन नको. आणि मी तुमची आजी नाही."

"बरं, ताई." त्यांनी पडदा पाहिला. "तुमचे पैसे तर परत निघालेत. आता काही करायला उरलंच नाही की!"

"विमान मी रद्द केलं नाही, तुम्ही केलंत. मला आज पोहोचायचंय. दुसऱ्या कंपनीचं चालेल."

"पण निवड झाली ना तुमची. इथे आहे बघा, प्रवाशाच्या विनंतीवरून."

आता तिसरी गोष्ट यायला हवी होती. बाईंनी टंकलेखन थांबवलं. वन्सं बोलत नव्हत्या. रांगेत कुणीतरी चुळबुळलं, मागून एकानं "अहो, लवकर आटपा" म्हटलं. बाईंना कळलं, त्या विसरलेल्या नाहीत. शब्द ओठांपर्यंत येऊन अडलेत. चार वर्षांपूर्वी मुलीसमोरही असेच अडले असतील.

"ती विनंती माझी नाही," वन्सं शेवटी म्हणाल्या. "फोन भावाचा, बोट भावाचं. मला कुणी विचारलं नाही. माझी मुलगी उद्या सकाळी तीन वर्षांसाठी जातेय." मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या स्पष्ट, आणि इतक्या अवघडलेल्या आवाजात, "मला पोहोचवा. कृपा करून."

पाच नंबरचं हसू मावळलं. त्यांनी इस्त्रीसाहेबांना फोन लावला.

साहेब आले, तिकीट वाचलं, सगळं समजून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. फक्त प्रत्येक गोष्टीच्या खाली आपली सही येणार आहे, हे त्याला सतत दिसत असे. "बाईसाहेब, तिकीट ज्यांनी काढलं, पैसे ज्यांनी भरले, संपर्काचा नंबर ज्यांनी दिला, त्यांनीच निवड केली आहे. कंपनीनं आणखी कुणाला विचारायचं?"

हे बाईंनी शिकवलेल्या तीन गोष्टींत नव्हतं.  आपण तोंड उघडावं का? उघडलं तर सगळंच मुसळ केरात. साहेबांना एवढंच म्हणावं लागेल, हे तर घरचं प्रकरण.

वन्सं मात्र सावरल्या होत्या. बहुधा समोरचा माणूस आपल्या ओळखीचा वाटला असावा त्यांना. असे साहेब त्यांनी दवाखान्यात बरेच पाहिले होते.

"साहेब, तुमचं कधी ऑपरेशन झालंय?"

"अं? हो. अपेंडिक्सचं."

"आधी कागदावर सही कुणाची घेतली?"

"माझी."

"बिल कुणी भरलं?"

"वडिलांनी."

"मग वडिलांची सही का नाही चालली? पैसे त्यांचे, फोन नंबर त्यांचा, दवाखान्यात आणलंही त्यांनीच." वन्सं जराही आवाज न चढवता बोलत होत्या. "शुद्धीवर असलेल्या माणसाचं पोट फाडायचं तर त्यालाच विचारावं लागतं. मी तीस वर्षं त्या सह्या घेतल्यात. एकदासुद्धा भावाची चालवून घेतली नाही. मी इथे शुद्धीवर उभी होते, साहेब. सहा पन्नासपासून."

रांगेत कुणीतरी हसलं. मागून एक म्हातारे गृहस्थ काठी उंचावून म्हणाले, "माझं पण मुलानं दाबलंय! तो तिकडे घरी झोपलाय, आणि मी इथे!" "आमचं एजंटानं," एक बाई म्हणाल्या. "माझं नवऱ्यानं," दुसरी म्हणाली, "आणि वर मलाच म्हणतो, पोहोचलीस का!" बघता बघता अकरा हात वर झाले.

साहेबांनी काउंटर चारकडे पाहिलं. काचेखालच्या कागदाकडे पाहिलं. 'निवड प्रवाशाची' ही मोठी अक्षरं तिथून वाचता येत होती. पैसे भरणाऱ्याची नाही, फोनवाल्याची नाही. त्यांनी कॉलरमध्ये बोट घालून ती सैल केली. त्या शर्टाला पडलेली ती पहिली सुरकुती असावी.

"लेखी अर्ज घ्या प्रत्येकाचा," ते पाच नंबरला म्हणाले. "पैसे परत घेण्याची निवड मी केलेली नाही, असं स्वच्छ लिहून, सहीनिशी. मी कोड टाकतो. दुसऱ्या कंपनीत जागा किती?"

"सहा."

"ज्यांना आजच पोहोचायला हवं त्यांना त्या. बाकीच्यांना उद्याचं विमान आणि आज राहायची सोय. आणि जेवणाची कुपनं कुणी मागायची वाट बघू नका, देऊन टाका."

वन्संनी अर्ज लिहिला. बाईंनी तो नंतर फाइलमध्ये पाहिला. मेट्रनच्या गोल, वळणदार अक्षरात चार ओळी होत्या आणि शेवटी, कुणी लिहायला सांगितलं नव्हतं तरी, 'विनंती' हा शब्द होता.

साडेनऊला साहेब चार नंबरशी आले. "ऑपरेशनचं तुम्ही शिकवलंत?"

"नाही. ते त्यांचं स्वतःचं. बाकीचं मी सांगितलं."

"नातं काय?"

"नणंद. नवऱ्याची थोरली बहीण."

"तिकिटाला हात?"

"लावला नाही."

साहेबांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "काय काय बोलणं झालं ते लिहून द्या. नात्यासकट. वरून कुणी विचारलं तर माझ्यापाशी असलेलं बरं." आणि जाता जाता, "त्या हिरव्या बटणाबद्दल मी वर कळवतो. काही होईल असं नाही. पण कळवतो."

बाईंनी चहाच्या सुट्टीत अर्धं पान लिहिलं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज लिहून घेतले होते. स्वतःचा लिहिताना त्यांना कळेना, सुरुवात कशानं करावी. शेवटी वेळेनं केली. याचं पुढे काय होईल ते त्यांना माहीत नव्हतं. कदाचित काहीच नाही. कदाचित खुर्ची चौथ्यांदा बदलेल, आणि या वेळी काउंटरसकट.

दुपारी बाराला वन्सं सुरक्षा तपासणीकडे निघाल्या. काचेपाशी थांबल्या, पण आभार मानण्याचं काही लक्षण नव्हतं. "मधली जागा दिलीय मला," त्या म्हणाल्या. "दोन माणसांच्या मधे कोंबून."

"शेवटच्या सहांतली आहे, वन्सं."

"माहीत आहे. तक्रार नाही करत, सांगतेय." मग जरा घुटमळून, "दिवसभर हेच करतेस तू?"

"हेच."

वन्संनी समोरच्या बाकांवर पसरलेल्या माणसांवरून एक नजर फिरवली, वॉर्डातून फिरल्यासारखी. "दमत असशील," त्या म्हणाल्या आणि ताठ मानेनं आत गेल्या.

पडद्यावरची जुनी ओळ पुसता येत नव्हती. या यंत्रात काहीच पुसलं जात नाही, खाली नवी ओळ चढते, एवढंच. पाच नंबरनं ती स्वतःच्या हातानं भरली: 'कंपनीने रद्द केले. पर्यायी प्रवास, प्रवाशाच्या निवडीनुसार.' अडीचला, दुसऱ्या कंपनीचं विमान उडाल्यावर, भाचीचा फोन आला.

"मामी, आता खाली वेगळंच काहीतरी आलंय. हे तू केलंस?"

"मला हात लावायचीही परवानगी नव्हती. तुझ्या आईनं केलं."

"कसं?"

"मागितलं. रांगेत उभं राहून. 'मला पोहोचवा, कृपा करून' म्हणाल्या."



"आई म्हणाली?"

"पन्नास माणसं साक्षीला आहेत. हवं तर पाच नंबरला विचार, त्यांना अजून धक्का बसलाय."

भाची हसली की काय झालं ते फोनवर नीट कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं घाईघाईनं विचारलं, "साडेसातला ना? मग ती कुठून बाहेर येईल? दुसऱ्या कंपनीचे लोक वेगळ्या दारातून येतात ना? मला सापडायला हवी ती. तिला फोन नीट वापरता येत नाही."

त्या विमानतळावर बाई कधी गेल्या नव्हत्या. पण एकोणीस वर्षं लोकांना तिथे पाठवत होत्या, आणि लोक परत येऊन सांगत होते. "दोन नंबरच्या दारातून," त्या म्हणाल्या. "बाहेरून दाराकडे तोंड केलं की डाव्या हाताला फुलांचं दुकान आहे. त्याच्याच पुढे उभी राहा, आत जाऊ नकोस. लोक बाहेर आले की आधी सगळे उजवीकडे बघतात." बोलता बोलता त्यांनी रांगेतल्या पुढच्या माणसाला हातानंच थांबायची खूण केली, आणि तिला नीट कळावं म्हणून सगळा रस्ता पुन्हा एकदा, सावकाश, पहिल्यापासून सांगितला.